विमानाचा मेकॅनिक : वीर जेम्स मॅककडन



या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एकेका थोर माणसाचं चरित्र लिहायला सांगितलं. कुणी शिवाजी महाराज घेतले, कुणी झाशीची राणी घेतली, कुणी वीर अब्दुल हमीद घेतले. मी जेम्स मॅककडन घेतले. हे नाव आपल्या गावात कुणाला ठाऊक नाही. मलापण नव्हतं. पण इंग्लंडात ते फार प्रसिद्ध आहेत. ते आधी सैन्यात मेकॅनिक होते, मग वैमानिक झाले आणि युद्ध चालू असतानाच मरण पावले. त्यांची माहिती इंग्रजीत होती. गुरुजींनी ती वाचून सांगितली आणि मी वहीत उतरून घेतली.

मी त्यांनाच का निवडलं ते शेवटी सांगणार आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगणार आहे.

जेम्सचा जन्म २८ मार्च १८९५ रोजी इंग्लंडातल्या केंट परगण्यात जिलिंगहॅम या गावी झाला. त्याचे वडील सैन्यात होते. रॉयल इंजिनिअर्स नावाच्या दलात ते सार्जंट मेजर होते. हे दल लढाईत पूल बांधतं, रस्ते करतं, खंदक खणतं. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला असंच दल आहे. घरची श्रीमंती नव्हती. भावंडं मात्र पुष्कळ होती. थोरल्या भावाचं नाव विल्यम.

पुढे हे कुटुंब शीअरनेस या समुद्रकाठच्या गावी राहायला गेलं. तिथून जवळच विमानांचं मैदान होतं. तेव्हा विमान ही अगदी नवी गोष्ट होती. राइट बंधूंनी पहिलं विमान १७ डिसेंबर १९०३ ला उडवलं, तेव्हा जेम्स आठ वर्षांचा होता. म्हणजे आपल्यापेक्षा लहान. १९०९ साली ब्लेरिओ नावाचा फ्रेंच माणूस विमानातून समुद्राची खाडी ओलांडून इंग्लंडात उतरला. जेम्स आणि विल्यम विमानं बघायला मैदानावर जात. आपल्याकडे जत्रेत पाळणा आला की पोरं शाळा सुटल्याबरोबर तिकडे पळतात, तसंच ते असणार.

वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर घरी पैशाची चणचण झाली. म्हणून जेम्स पोस्टात निरोप पोचवणारा पोऱ्या झाला. पण त्याला सैन्यातच जायचं होतं. २६ एप्रिल १९१० रोजी तो वडिलांच्याच दलात भरती झाला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. एवढ्या लहान पोराला बंदूक कोण देणार? त्याला बिगूल वाजवायचं काम मिळालं. त्याला दूर जिब्राल्टरला पाठवलं. तिथे तो दीड वर्ष राहिला.

अठरा वर्षांचा झाल्यावर १९१३ साली त्याने विमानदलात बदली मागून घेतली. हे दल १९१२ साली नवीनच निघालं होतं. त्याचं नाव रॉयल फ्लाइंग कोअर. विल्यम तिथे आधीच गेला होता. जेम्सला तिथे मेकॅनिकचं काम मिळालं.

इथे एक गोष्ट सांगतो. आतापर्यंत मी जेम्सला 'तो' लिहिलं, कारण तो लहान होता. मी गुरुजींना विचारलं, त्यांना 'ते' कधीपासून लिहायचं? गुरुजी म्हणाले की तुला योग्य वाटेल तिथून लिही. आधी मी ठरवलं होतं की ते मोठे अधिकारी झाले की 'ते' लिहायचं. पण नंतर विचार बदलला. ते मेकॅनिक झाले तेव्हापासूनच मी त्यांना 'ते' लिहिणार आहे.

तर मेकॅनिक झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच जेम्सकडून मोठी चूक झाली. तेव्हाची विमानं किल्लीने चालू होत नसत. पुढचा लाकडी पंखा हाताने फिरवावा लागे. जेम्सनी एका विमानाचा पंखा फिरवला आणि इंजिन एकदम जोरात चालू झालं. आत तर कुणीच बसलेलं नव्हतं! विमान आपलं आपणच पळत सुटलं आणि दुसऱ्या विमानावर जाऊन आदळलं. मग काय, जेम्सना कोठडीत ठेवलं आणि पगारही कापला. पण त्यांनी काम सोडलं नाही. उलट ते जास्त नीट शिकू लागले.

नंतर त्यांना तीन नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवलं. स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी. तिथल्या काही विमानांना नोम नावाचं इंजिन होतं. ते इंजिन मोठं गमतीचं होतं. मोटारीच्या इंजिनात सिलिंडर जागच्या जागी असतात आणि आतला दांडा फिरतो. या इंजिनात दांडा जागच्या जागी असायचा आणि पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं! वारा लागून ते थंड राहायचं. त्यात वंगण म्हणून काय घालत, सांगा बघू? एरंडेल! आपल्याला पोट साफ व्हायला देतात तेच. ते तेल उडून सगळीकडे पसरायचं. वैमानिकाच्या तोंडावर यायचं आणि मेकॅनिकचे कपडे तर तेलाने माखून जायचे. उडून झाल्यावर इंजिन उघडायचं, पुसायचं, झिजलेले भाग बदलायचे आणि परत बसवायचं. यात एक बोल्ट जरी सैल राहिला तरी वर गेलेला माणूस खाली पडणार. म्हणून मेकॅनिकच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला वर कडेला थांबता येत नाही.

४ ऑगस्ट १९१४ ला इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरलं. त्याच महिन्यात जेम्सची तुकडी फ्रान्सला गेली. जर्मन सैन्य पुढे येत होतं आणि इंग्रजांना मागे हटावं लागत होतं. विमानं आज या शेतात उतरत तर उद्या दुसऱ्या शेतात. मेकॅनिक लोक लॉरीतून सामान घेऊन मागोमाग जात. जागा मिळेल तिथे झोपत, कधी विमानाच्या पंखाखाली, आणि पहाटे उठून परत इंजिनं चालू करून देत. याच महायुद्धात आपल्या देशातले सैनिकपण फ्रान्सच्या चिखलात आणि थंडीत लढले, हे मला गुरुजींनी सांगितलं.

जेम्सचं काम इतकं चोख होतं की त्यांना बढती मिळाली. १ एप्रिल १९१५ ला ते सार्जंट झाले आणि आपल्या विभागातल्या सगळ्या इंजिनांची जबाबदारी त्यांच्यावर आली. पण बरोबर एक महिन्याने दुःखाची बातमी आली. १ मे १९१५ ला थोरला भाऊ विल्यम इंग्लंडात विमानाच्या अपघातात वारला. तो वैमानिक होता.

दुसरा कुणी असता तर घाबरून म्हणाला असता की नको ते विमान. जेम्सना मात्र वैमानिकच व्हायचं होतं. त्यांनी अर्ज केला. वरिष्ठांनी नाही म्हणून सांगितलं. का, तर इतका चांगला मेकॅनिक आम्हाला गमवायचा नाही. मित्रांनो, हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून ठेवलं आहे.

मग ते मेकॅनिकचं काम करता करता विमानात मागे बसून टेहळणी करायला जाऊ लागले. शत्रूचं सैन्य कुठे आहे ते वरून बघायचं आणि शत्रूचं विमान आलं तर बंदूक चालवायची. जानेवारी १९१६ मध्ये फ्रान्स सरकारने त्यांना शौर्यपदक दिलं. त्यानंतर मात्र त्यांना वैमानिकाच्या शिक्षणाला पाठवलं. ६ सप्टेंबर १९१६ ला त्यांनी शत्रूचं पहिलं विमान पाडलं. १ जानेवारी १९१७ ला ते अधिकारी झाले. बिगूलवाला पोऱ्या अधिकारी झाला! त्या काळी तिकडे अधिकारी बहुतेक मोठ्या घरातले आणि मोठ्या शाळांत शिकलेले असत. जेम्स शिकले ते सैनिकांच्या मुलांच्या शाळेत. नंतर ते पान्याकडून शिकले, असं मला वाटतं.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते छप्पन्न नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये गेले. त्यांच्याकडे एस. ई. ५ ए नावाचं विमान होतं. आता ते अधिकारी होते. हात काळे करायची त्यांना काही गरज नव्हती. इंजिन बघायला मेकॅनिक होते. तरी जेम्स तासन्‌तास मेकॅनिकांबरोबर इंजिनापाशी असत. मशीनगनसुद्धा स्वतः तपासत, कारण ऐन वेळी गन अडकली तर माणूस मेला.

त्यांनी एक मोठी युक्ती केली. जर्मनांची फोटो काढणारी विमानं खूप उंचावरून येत आणि फोटो काढून निघून जात. इंग्रजांची विमानं तिथपर्यंत पोचत नसत. कारण वर हवा विरळ असते. आपण डोंगर चढलो की दम लागतो, तसा इंजिनालापण दम लागतो. जेम्सनी आपल्या इंजिनात वेगळे पिस्टन बसवून घेतले. हे पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण जास्त दाबायचे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरा आणि पंप मारा, आत हवा किती जोर करते ते कळेल. जास्त दाबलं की स्फोट जोरात होतो आणि इंजिनाला ताकद येते. यामुळे त्यांचं विमान सुमारे २०,००० फूट उंच जाऊ लागलं. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. त्याच्या साडेतीन पटीहून जास्त! विमान वरून उघडं होतं, थंडी तर विचारूच नका. पण जी विमानं कुणाच्या हाती लागत नव्हती ती त्यांच्या हाती लागली. २३ डिसेंबर १९१७ या एका दिवसात त्यांनी चार विमानं पाडली.

युद्ध संपेपर्यंत ते जगले नाहीत, पण त्यांच्या नावावर ५७ विमानं आहेत. मी हा आकडा घरी मोठ्याने वाचला. आई भाकरी थापत होती. तिने विचारलं की त्या विमानांत कोण होतं? मी म्हटलं, जर्मन. ती म्हणाली की त्यांनापण आया असतील. मग मला पुढे वाचवेना. मी दुसऱ्या दिवशी हे गुरुजींना सांगितलं. तेव्हा गुरुजींनी मला फॉसची गोष्ट सांगितली. वेर्नर फॉस हा जर्मन वैमानिक फक्त वीस वर्षांचा होता. २३ सप्टेंबर १९१७ ला तो एकटाच जेम्सच्या तुकडीशी लढला आणि शेवटी पडला. जेम्सनी नंतर लिहून ठेवलं की इतका शूर जर्मन वैमानिक त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. तो शत्रू असूनही त्यांना त्याच्याबद्दल वाईट वाटलं. आईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण नंतर तिनेच मला पुढचं वाचायला सांगितलं.

आपल्या देशाचा एक मुलगापण थोडे दिवस याच छप्पन्न नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होता. त्यांचं नाव इंद्रलाल रॉय. ते कोलकात्याचे. १९१७ च्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ते तिथे होते, तेव्हा जेम्सही तिथेच होते. इंद्रलाल पुढे दुसऱ्या स्क्वाड्रनमधून लढले आणि २२ जुलै १९१८ ला लढता लढता मरण पावले. ते एकोणीस वर्षांचे होते.

एप्रिल १९१८ मध्ये जेम्सना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडे परमवीर चक्र तसं त्यांच्याकडे हे सगळ्यात मोठं पदक. ते राजाने स्वतःच्या हाताने दिलं. पण घरात आनंद कसा होणार? १८ मार्च १९१८ ला धाकटा भाऊ जॉन फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला होता. तोही वैमानिक होता.

जेम्स आता मेजर झाले. वडील सार्जंट मेजर होते, मुलगा मेजर झाला. त्यांना साठ नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख केलं. ९ जुलै १९१८ ला ते इंग्लंडाहून एकटेच विमान घेऊन फ्रान्सला निघाले. आपला तळ नक्की कुठे आहे ते कळेना, म्हणून वाटेत एका मैदानावर उतरून त्यांनी वाट विचारली. आपण नाही का परगावी गेलो की चावडीपाशी विचारतो, तसं. मग परत उडाले. उडाल्याबरोबर विमान झाडांत कोसळलं. इंजिन बंद पडलं असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं आहे. त्यांच्या डोक्याला मार लागला. त्याच दिवशी संध्याकाळी सैनिकी दवाखान्यात ते वारले. वय फक्त तेवीस.

ज्यांनी आयुष्यभर इंजिनं जपली, त्यांना इंजिनानेच दगा द्यावा, हे मला फार वाईट वाटलं. ५७ विमानं पाडताना जे वाचले ते वाट विचारायला उतरले आणि गेले. त्यांच्या आईचे तीन मुलगे विमानात गेले. फ्रान्समध्ये वावाँ या गावी एका लहानशा स्मशानभूमीत जेम्सची समाधी आहे. मरण्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी आपल्या पाच वर्षांच्या नोकरीवर पुस्तक लिहून दिलं होतं, ते त्यांच्यामागे छापलं. त्यांची पदकं त्यांच्या जन्मगावी, जिलिंगहॅमला, रॉयल इंजिनिअर्सच्या संग्रहालयात ठेवली आहेत. म्हणजे पोरगा शेवटी आपल्या गावी आला.

आता राहिलेली गोष्ट सांगतो.

माझे मामा सैन्यात आहेत. ते ई. एम. ई. मध्ये आहेत. हे दल सैन्याची यंत्रं, गाड्या, तोफा आणि रणगाडे दुरुस्त करतं. आपल्या देशात ते १५ ऑक्टोबर १९४३ रोजी सुरू झालं. वर्गात एकदा कुणाकुणाचे नातेवाईक सैन्यात आहेत हा विषय निघाला. त्याच्या आदल्या दिवशी खेळताना एक मुलगा म्हणाला होता की नट आवळतो तो काय शिपाई असतो होय? तो तर गॅरेजवाला. ते माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी वर्गात सांगितलं की माझे मामा रणगाडा चालवतात आणि तोफ उडवतात. ते खोटं होतं.

मग मामा सुट्टीवर आले आणि मला न्यायला शाळेत आले. मुलांनी त्यांना घेरलं आणि रणगाड्यातून किती गोळे मारले ते विचारलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मामा हसले आणि म्हणाले की आधी तुमच्या हापशाचं बघू. शाळेचा हापसा पंधरा दिवस बंद होता, मुली लांबून पाणी आणत होत्या. मामांनी बाह्या वर केल्या, पाना मागवला, हापसा उघडला, आतलं वायसर बदललं आणि हाताला ग्रीस लावून परत बसवला. पाणी आलं. सगळी मुलं ओरडली. तो नट आवळण्याबद्दल बोललेला मुलगा सगळ्यात आधी पाणी प्याला.

घरी जाताना मामा मला एक शब्दपण बोलले नाहीत. त्यांनी आईलाही सांगितलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते परत गेल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं आणि विचारलं की मेकॅनिक माणूस कधी वीर असतो का? तेव्हा गुरुजींनी मला जेम्स मॅककडन यांची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर मी विचारलं की ते विमान चालवायला लागले म्हणून वीर झाले का? गुरुजींनी उत्तर दिलं नाही. लिहिता लिहिता शोध म्हणाले. मी लिहून झाल्यावर मला असं वाटतं की एरंडेलाने माखलेल्या कपड्यांत रात्री बोल्ट तपासत होते तेव्हाही ते वीरच होते. फक्त तेव्हा त्यांना पदक मिळालं नव्हतं.

म्हणून आज सगळ्यांच्या समोर लिहितो. माझे मामा रणगाडा चालवत नाहीत. ते रणगाडा दुरुस्त करतात. मी वर्गात खोटं बोललो होतो. या लेखाची एक नक्कल मी मामांना पोस्टाने पाठवणार आहे.

मित्रांनो, हापसा जपून वापरा. दांडा आपटू नका.

वीर जेम्स मॅककडन यांना आणि सैन्यातल्या सगळ्या मेकॅनिकांना माझा प्रणाम. जय हिंद.